हरलेल्या राष्ट्राला शिक्षा कशी करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, सेलू, उदगीर, अंबाजोगाई, कळंब इथल्या अभ्यासिकांमधून युद्ध आणि तह या विषयावर मला जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एका जागी केले आहेत. विचारणारे बहुतेक स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आहेत. काही शिक्षक आहेत, आणि काही जण असे की त्यांच्या शिवारालगतच एखादी जुनी रणभूमी आहे. प्रश्नांची भाषा जमेल तितकी त्यांचीच ठेवली आहे. एखाद्या प्रश्नाचा धागा दुसऱ्या उत्तरात गेला असेल, तर तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सर, हरलेल्या देशाला शिक्षा म्हणजे नेमकं काय काय करतात?

मुलूख तोडून घेतात, पैसा किंवा माल वसूल करतात, फौजेवर बंधनं घालतात आणि राज्यकर्त्यांना पदावरून काढतात किंवा त्यांच्यावर खटले चालवतात. यात आणखी एक गोष्ट येते: हरलेल्याच्या भूमीवर काही वर्षं जिंकणाऱ्याची फौज बसवायची आणि तिचा खर्चही हरलेल्याकडूनच घ्यायचा. प्रत्येक युद्धानंतर हे सगळंच होतं असं नाही. कुठे फक्त पैसा घेतला, कुठे फक्त मुलूख.

अभ्यास करताना शिक्षा किती कडक होती यावर सगळे थांबतात. मला त्याहून दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. शिक्षेचा भार शेवटी कोणाच्या डोक्यावर पडला? आणि जिंकणाऱ्याच्या अंगात ती वसूल करायची ताकद किती वर्षं टिकली? पुढची बरीच उत्तरं याच दोन प्रश्नांभोवती फिरतात.

२. युद्धबंदी झाली की शिक्षा लगेच सुरू होते, की तहावर सही झाल्यावर?

कागदावर तहानंतर. प्रत्यक्षात पकड युद्धबंदीपासूनच बसते. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं, जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहावर सह्या २८ जून १९१९ ला झाल्या आणि तह अमलात आला १० जानेवारी १९२० ला. मधल्या काळात जर्मनीने तोफा, रेल्वे इंजिनं आणि आरमार सोपवायचं होतं. समुद्रातली नाकेबंदीही जुलै १९१९ पर्यंत पूर्ण उठली नव्हती. म्हणजे तोफा थांबल्यावरही अन्नटंचाई चालूच राहिली, आणि तिची झळ लहान मुलांना, म्हाताऱ्यांना बसली. सही करायची की नाही यावर जर्मनीत जी चर्चा झाली ती या दबावाखालीच.

३. व्हर्सायमध्ये जर्मनीच्या पदरात काय पडलं? परीक्षेला नेहमी येतं.

मुलुखापैकी सुमारे १३ टक्के गेला, लोकसंख्येपैकी सुमारे १० टक्के. अल्सेस-लोरेन फ्रान्सला परत मिळालं, पूर्वेकडचा मोठा पट्टा नव्या पोलंडला गेला, डान्झिग स्वतंत्र शहर झालं. कोळशाचा सार प्रांत १५ वर्षांसाठी राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली गेला. १९३५ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून जर्मनीत परत जाण्याचा कौल दिला. वसाहती सगळ्याच गेल्या.

सैन्य एक लाखावर आणलं. सक्तीची सैनिकभरती बंद, रणगाडे, लढाऊ विमानं आणि पाणबुड्यांना मनाई. फ्रान्सलगतच्या ऱ्हाइनलँडमध्ये फौज ठेवायची नाही.

सह्या कुठे झाल्या हेही लक्षात ठेवा. व्हर्साय राजवाड्याच्या ज्या आरसेमहालात १८ जानेवारी १८७१ ला, फ्रान्सविरुद्धच्या युद्धात, जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती, त्याच महालात जर्मनीच्या हर्मान म्युलर आणि योहानेस बेल यांना सही करावी लागली. परिषदेचं उद्घाटनही १८ जानेवारीलाच केलं होतं. फ्रान्सने १८७१ चा अपमान मोजून परत केला.

४. १३२ अब्ज मार्कांचा दंड जर्मनीने खरंच भरला का?

नाही. तहात आकडाच नव्हता. तो मे १९२१ मध्ये लंडनला ठरला: १३२ अब्ज सुवर्ण मार्क. ही रक्कम तीन प्रकारच्या रोख्यांत विभागली होती, आणि त्यातला ८२ अब्जांचा तिसरा भाग कधी वसूल होईल असं ठरवणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. खरी मागणी ५० अब्जांची. मोठा आकडा पॅरिस आणि लंडनमधल्या मतदारांना दाखवण्यासाठी होता.

१९२४ च्या डॉस योजनेने हप्ते हलके केले, १९२९ च्या यंग योजनेने एकूण रक्कम कमी केली, १९३१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांनी वर्षभराची स्थगिती आणली आणि जुलै १९३२ मध्ये लोझानला हा व्यवहार जवळजवळ मिटवला गेला. तोवर जर्मनीने दिलं होतं साधारण २० अब्ज. हिशेबाच्या पद्धतीप्रमाणे हा आकडा मागेपुढे होतो. १९२४ नंतर जर्मनीत अमेरिकी कर्जाचा ओघ लागला होता. त्या पैशातून हप्ते जात, आणि फ्रान्स-ब्रिटन तोच पैसा आपलं युद्धकर्ज म्हणून अमेरिकेला फेडत. एका सावकाराकडून उचलून दुसऱ्याचं व्याज भरणारं घर आपल्याकडे कोणत्या गावात नाही? अमेरिकेचं कर्ज आटलं तसा सगळा डोलारा बसला.

"जर्मनीने २०१० मध्ये शेवटचा हप्ता भरला" ही बातमी तुम्ही वाचली असेल. ती खरी आहे. पण ३ ऑक्टोबर २०१० ला जे फेडलं ते भरपाईसाठी काढलेल्या जुन्या कर्जरोख्यांचं थकलेलं व्याज होतं, मूळ १३२ अब्जांचा हप्ता नव्हे.

५. रोख पैशाऐवजी माल देता येतो का?

येतो, आणि बहुतेक वेळा मालच जातो. कोळसा, लाकूड, जहाजं, रंग, औषधं हे सगळं व्हर्सायच्या यादीत होतं. त्या तहाच्या भरपाईच्या भागाला जोडलेलं चौथं परिशिष्ट आपल्यासारख्या जनावरं पाळणाऱ्या मुलखातल्या माणसाने वाचायलाच हवं. तीन महिन्यांत फ्रान्सला ५०० घोडे, ३०,००० घोड्या आणि शिंगरं, २,००० वळू, ९०,००० दुभत्या गायी, १,००,००० मेंढ्या, १०,००० शेळ्या. बेल्जियमला आणखी ५०,००० दुभत्या गायी आणि ४०,००० कालवडी. जनावरं निरोगी असावीत अशीही अट होती. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधले गोठे जर्मन फौजेने रिकामे केले होते, त्यामुळे मागणीला न्यायाची बाजू होतीच. पण ज्या जर्मन शेतकऱ्याच्या दावणीची गाय सुटली, त्याने बेल्जियमवर चढाई करायचा हुकूम दिला नव्हता. आणि ज्याने दिला तो कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, हॉलंडमध्ये आसऱ्याला होता. पहिल्या उत्तरातला "भार कोणावर" हा प्रश्न मला इथे सगळ्यात टोचतो.

मालाचा हप्ता चुकला की काय होतं तेही पाहा. तारेच्या खांबांचं लाकूड आणि कोळसा कमी पोचला, तेवढ्यावरून जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा जर्मनीच्या रूर खोऱ्यात शिरल्या.

उलट उदाहरण फिनलंडचं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने सोव्हिएत संघाला ३० कोटी डॉलरची भरपाई जहाजं आणि यंत्रांच्या रूपात दिली आणि १९५२ मध्ये ती पुरी केली. तो माल बनवण्यासाठी जे कारखाने उभे राहिले त्यांनी देशाचं औद्योगिकीकरण पुढे नेलं.

६. कलम २३१ म्हणजे "युद्धाचं सगळं पाप जर्मनीचं" असंच ना?

जर्मनीत ते तसंच वाचलं गेलं. मुळात ते भरपाईच्या भागाचं पहिलं कलम आहे: जर्मनी आणि तिच्या साथीदारांच्या आक्रमणामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी स्वीकारते. लगेच पुढच्या कलमात असं मान्य केलं आहे की सगळं नुकसान भरण्याइतकी जर्मनीची ऐपत नाही, म्हणून मुख्यतः नागरिकांचं नुकसान भरून द्यावं. अशीच कलमं ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या तहांतही आहेत. पण तिथल्या राजकारणात त्यावरून जर्मनीइतकं रान उठलं नाही.

७. व्हर्सायमुळेच हिटलर आला, असं सरळ लिहिलं तर चालेल का?

लिहू नका, मार्क जातील. आणि मार्क बाजूला ठेवले तरी ते खरं नाही.

नाझी पक्षाला मे १९२८ मध्ये २.६ टक्के मतं होती. तहाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि हप्ते चालू होते. जुलै १९३२ मध्ये हीच मतं ३७.३ टक्के झाली, आणि भरपाई तर त्याच महिन्यात लोझानला मिटली. मधल्या चार वर्षांत आली ती महामंदी. साठ लाखांच्या आसपास लोक बेकार झाले, सरकारने खर्च आणखी आवळला आणि संसदेला डावलून अध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार चालला.

१९२३ ची चलनवाढ बरेच जण इथे जोडतात. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४ लाख २० हजार कोटी. यात भरपाईचा वाटा होताच. पण सरकारने युद्धाचा खर्च कर न लावता कर्जावर चालवला होता, आणि रूरमध्ये परक्या फौजा शिरल्यावर संपावर गेलेल्या कामगारांना पोसायला नोटा छापल्या, हेही लिहायला हवं. तह हा हिटलरच्या हातातला प्रचाराचा मोठा दारूगोळा होता. सत्ता मात्र त्याला मंदीने आणि जर्मनीतल्या पुढाऱ्यांनी दिली.

८. पहिल्या महायुद्धातल्या बाकीच्या हरलेल्यांचं काय झालं?

हंगेरीचं सगळ्यात वाईट झालं. ४ जून १९२० च्या ट्रायनॉन तहाने तिचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख गेला, आणि लाखो हंगेरियन भाषक रातोरात शेजारच्या देशांचे नागरिक झाले. ऑस्ट्रियाशी सँ-जर्मेनचा तह झाला, बल्गेरियाशी न्यूयीचा.

तुर्कस्तानची गोष्ट वेगळी. ऑगस्ट १९२० चा सेव्हरचा तह व्हर्सायहून कडक होता. मुस्तफा केमाल यांनी तो मानला नाही, पुन्हा लढाई केली, जिंकली, आणि जुलै १९२३ मध्ये लोझानला नवा तह करून घेतला. हरलेल्याने शिक्षेचा कागद फाडून नव्याने लिहून घेतला याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

९. व्हर्साय हा इतिहासातला सगळ्यात कठोर तह का?

नाही. त्याच जर्मनीने मार्च १९१८ मध्ये रशियावर ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह लादला. पोलंड, बाल्टिक प्रदेश आणि युक्रेन इतका टापू त्याने रशियाच्या हातून गेला. १८७१ मध्ये फ्रान्सकडून पाच अब्ज फ्रँक घेतले. फ्रान्सने ते १८७३ मध्ये मुदतीआधी फेडले आणि जर्मन फौज बाहेर काढली. १८१५ मध्ये नेपोलियनच्या फ्रान्सला ७० कोटी फ्रँक आणि दीड लाखाची परकी फौज सोसावी लागली होती. तीही १८१८ मध्ये निघाली, आणि फ्रान्स पुन्हा बड्या राष्ट्रांच्या पंगतीत बसला. व्हर्सायचा दोष मला कडकपणात दिसत नाही. जर्मनी दुखावली गेली पण पांगळी झाली नाही, आणि तह राबवायला अमेरिका थांबलीच नाही. तिच्या सिनेटने तह मंजूरच केला नव्हता.

१०. आमच्या उदगीरच्या लढाईनंतर निजामाला काय शिक्षा झाली? आणि खर्ड्याला?

हा प्रश्न उदगीर, जळकोट, देवणीकडून दरवर्षी येतो, आणि मला तो फार आवडतो.

३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर ही ठाणी मराठ्यांना मिळाली. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. निजामअलीने ती संधी साधून पुण्याकडे कूच केलं आणि १७६२ च्या आरंभी बराच मुलूख परत घेतला. त्याचा हिशेब माधवराव पेशव्यांनी १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला चुकता केला. हे गाव गेवराई तालुक्यात, गोदेच्या काठी आहे. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत पडला.

खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. पण बीड-धाराशिवच्या वेशीला लागूनच. ११ मार्च १७९५ च्या पराभवानंतर निजामाने तीन कोटी रुपये, दौलताबादसह मुलूख, आणि आपला दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करायचं कबूल केलं. या शेवटच्या अटीकडे नीट बघा. चौथाईच्या थकबाकीवर ज्याने पुण्याच्या वकिलांना उर्मट उत्तरं दिली, तोच माणूस मागून घेतला. धोरण ठरवणाऱ्यालाच धरायचं, ही गोष्ट युरोपने न्युरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवरच्या खटल्यांत केली, त्याच्या दीडशे वर्षं आधीची ही अट आहे. हेतू मात्र वेगळा होता. इथे खटला नव्हता, कैद होती.

आणि मग? ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीसाठी ओढाताण सुरू झाली. नाना फडणवीसांना निजामाची मदत हवी होती. १७९६ मध्ये मुशीरुल्मुल्क सुटला आणि महाडच्या करारात निजामाने खर्ड्यात गमावलेल्यापैकी बहुतेक परत मिळवलं. वसूल करणाऱ्याचं घर फुटलं की शिक्षा वाऱ्यावर जाते.

११. म्हणजे मराठे-निजाम तहात फक्त मुलूख आणि पैसाच असायचा?

नाही. १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडलं. त्यानंतर मुंगी-शेवगावचा तह झाला. त्यात मुख्य गोष्ट हक्काची होती: दख्खनच्या सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याचा शाहू छत्रपतींचा हक्क निजामाने मानला. एकदा घेतलेली रक्कम संपते. हक्काचं उत्पन्न दरवर्षी येतं, आणि तो नाकारला की पुन्हा लढाईचं कारण मिळतं. खर्ड्याचं मूळ याच थकबाकीत आहे.

१२. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीला दंड का लावला नाही?

लावला, पण त्याचं रूप निराळं होतं. देशाचे चार ताबा-विभाग झाले, पुढे दोन देश. सोव्हिएत विभागातून कारखाने उखडून नेले. ओडर-नाइसे रेषेच्या (आजच्या जर्मनी-पोलंड सीमेच्या) पूर्वेचा मुलूख गेला आणि पूर्व युरोपातून सुमारे एक कोटी वीस लाख जर्मनांना घरंदारं सोडावी लागली. प्रशिया हे राज्यच फेब्रुवारी १९४७ मध्ये कायद्याने मोडीत काढलं. ही शिक्षा व्हर्सायच्या कितीतरी पट मोठी आहे. फक्त ती एका आकड्यात मावत नाही, म्हणून विसरली जाते.

पश्चिमेकडच्या भागाला मात्र अमेरिकेच्या मार्शल योजनेतून मदत मिळाली, आणि १९५३ च्या लंडन करारात जुनी कर्जं निम्म्याने कमी झाली. शीतयुद्धात तो भाग अमेरिकेला हवा होता. १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीने इस्रायलला तीन अब्ज मार्क द्यायचं कबूल केलं. ती रक्कम जिंकणाऱ्याला नव्हती, छळ झालेल्यांसाठी होती. भरपाईच्या इतिहासात मला हे सगळ्यात मोठं वळण वाटतं.

१३. न्युरेंबर्ग आणि टोकियोचे खटले म्हणजे जिंकणाऱ्यांचा न्यायच ना? राधाबिनोद पाल काय म्हणाले?

न्यायाधीश जिंकणाऱ्या देशांचे होते आणि त्यांच्या स्वतःच्या बॉम्बफेकीवर खटला चालला नाही. हा आक्षेप रास्त आहे. तरी न्युरेंबर्गला २२ जणांचा निकाल लागला त्यात १२ जणांना फाशी, ७ जणांना कैद आणि ३ जण निर्दोष. आधीच ठरवलेल्या निकालात कोणी निर्दोष सुटत नाही. संपूर्ण देशाला दंड करण्यापेक्षा नाव घेऊन माणूस उभा करणं मला अधिक न्याय्य वाटतं.

टोकियोला जपानी पुढाऱ्यांवर खटला चालला. तिथल्या ११ न्यायाधीशांपैकी भारताच्या पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं. आक्रमक युद्ध हा गुन्हा तेव्हाच्या कायद्यात नव्हता आणि मागाहून तो लागू करता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. जपानी फौजेने अत्याचार केले नाहीत असं त्यांनी म्हटलेलं नाही. निबंधात ही चूक फार होते. सम्राट हिरोहितोंवर खटला भरला गेलाच नाही.

१४. भारताने जपानकडून भरपाई घेतली का?

नाही. भारत १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला गेला नाही. ९ जून १९५२ ला त्याने जपानशी वेगळा तह केला आणि भरपाईचा हक्क सोडला. ब्रह्मदेश, फिलिपिन्स, इंडोनेशिया यांनी मात्र पुढे घेतली, मुख्यतः मालात आणि सेवांत. व्हर्सायच्या तहावरही भारताची सही आहे: ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांची.

१५. १९७१ ला एवढा मोठा विजय मिळाला, मग पाकिस्तानकडून काहीच कसं घेतलं नाही?

सुमारे ९३,००० युद्धकैदी आपल्याकडे होते, पश्चिमेला जिंकलेली जमीनही होती. २ जुलै १९७२ च्या सिमला करारात जमीन परत द्यायचं ठरलं, भरपाई मागितली नाही. बदल्यात काश्मीरमध्ये नियंत्रण रेषा मान्य करून घेतली आणि वाद दोघांनीच सोडवायचा असं लिहून घेतलं. या कैद्यांपैकी १९५ जणांवर बांगलादेश खटले चालवणार होता. एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारात तेही सोडून दिले गेले. पूर्व बंगालमधल्या माणसांनी जे सोसलं त्याचा जाब या १९५ जणांपैकी कोणालाच द्यावा लागला नाही, याची खंत मला वाटते. जमीन परत देण्याबद्दल ती वाटत नाही.

१६. १९४८ ला निजाम हरला. मग त्याला शिक्षा का झाली नाही?

१७ सप्टेंबरच्या आसपास हा प्रश्न हमखास येतो. भारत सरकारच्या लेखी ते युद्ध नव्हतं, पोलीस कारवाई होती. त्यामुळे तहही नाही आणि दंडही नाही. निजाम २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत राजप्रमुख राहिला, त्याला ५० लाखांचा तनखा होता. रझाकारांचा पुढारी, लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीवर खटला चालला, कैद झाली, १९५७ मध्ये तो सुटून पाकिस्तानला गेला.

मग भोगलं कोणी? कारवाईच्या आधी रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, जाळली, माणसं मारली. आपल्या घराघरांत त्याच्या आठवणी आहेत. कारवाईनंतर सूड उगवला गेला तो गावातल्या साध्या मुसलमानांवर. त्यातल्या कितीतरी जणांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, बाकीचे दोन गुलबर्गा आणि बीदर. शेजाऱ्यांना आसरा देणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगा. एक सांगून दुसरी झाकू नका.

१७. आज असा सक्तीचा तह कायदेशीर ठरेल का?

तहांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ५२ म्हणतं की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेविरुद्ध बळ वापरून लादलेला तह रद्दबातल. पण कलम ७५ आक्रमण करणाऱ्या राष्ट्रावर सनदेप्रमाणे येणाऱ्या बंधनांना मोकळीक देतं. इराकने कुवेत बळकावलं, त्यानंतर १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेने नुकसानभरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून आधी ३० टक्क्यांपर्यंत, पुढे ५ टक्के कापून सुमारे ५२ अब्ज ४० कोटी डॉलर वाटले गेले. २०२२ मध्ये ते पूर्ण झालं. सद्दाम हुसेन तोवर संपले होते. हप्ते त्यांच्यानंतरच्या इराकींनी भरले.

१८. जिंकलेल्यानेच पैसे दिले असं कधी झालं का?

झालं. फ्रान्सची वसाहत असलेल्या हैतीतल्या गुलामांनी नेपोलियनची फौज हरवली आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले. कशाचे? मळेवाल्यांच्या गेलेल्या मालमत्तेचे, आणि त्या मालमत्तेत ती माणसंही मोजली होती. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली. ती भरायला काढलेल्या कर्जांचा पाठलाग १९४७ पर्यंत सुटला नाही.